काकांनी न बघितलेले ब्रेक

मशीनवाल्या काकू गाडी शिकल्या तेव्हा गल्लीतल्या लोकांनी आपापल्या सायकली आणि कुंड्या आत ओढून घेतल्या होत्या. साठीला टेकलेली बाई, जन्म गेला शिवणाच्या मशीनवर, हिला आता गाडीचं खूळ कुठून लागलं, असं जो तो म्हणायचा. तोंडावर मात्र कुणी ब्र काढला नाही. निम्म्या गल्लीच्या पोरांचे शाळेचे कपडे काकूंकडे शिवायला असत, आणि शाळा उघडायच्या तोंडावर शिवणाऱ्या बाईशी वाकडं घ्यायला कुणाची छाती होत नाही.

गाडी शिकवणारा मास्तर पहिल्याच दिवशी घायकुतीला आला. काकूंचा पाय मशीनच्या पायट्याला सरावलेला. टाच, चवडा, टाच, चवडा, अशी त्या पायाची लय, आणि तीच त्यांनी क्लचवर चालवली. गाडी दोन उड्या मारून बंद पडायची, सुरू केली की पुन्हा उड्या.

"काकू, हे मशीन नाही," मास्तर रडकुंडीला येऊन म्हणाला.

"ते दिसतंच आहे," काकू म्हणाल्या. "माझं मशीन एवढे हिसके देत नाही."

तरी त्या शिकल्या. मास्तरची चिकाटी म्हणा की काकूंचा हट्ट म्हणा, परवाना हातात पडला. आणि हा सगळा खटाटोप त्यांनी केला तो एका माणसासाठी. तो माणूस म्हणजे काका, काकूंचे यजमान.

काका बेकरीची गाडी चालवायचे. पहाटे निघायचं, दुकानादुकानांत पाव उतरवायचे आणि ऊन चढायच्या आत घरी यायचं, हा त्यांचा उभ्या आयुष्याचा क्रम. त्यांच्या शर्टाला कायम ताज्या पावाचा वास असे. लग्न होऊन आल्यावर पहिले काही महिने काकूंना सारखी भूक लागायची, ती त्या वासाने. हे काकू अजून सांगतात आणि सांगताना अजून लाजतात.

एकदा बेकरीच्या मालकाने चार पैसे वाचवायला गाडी कुठल्यातरी भलत्याच गॅरेजात ब्रेकला दिली. दुसऱ्या दिवशी उतारावर काकांनी ब्रेक दाबला तो थेट तळाला गेला. समोर शाळेचं फाटक आणि फाटकाशी पोरांचा घोळका. काकांनी जिवाच्या आकांताने स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी कडेच्या वाळूच्या ढिगात घातली. माणूस शाबूत, गाडी शाबूत, पाव तेवढे रस्ताभर झाले. तिथल्या कुत्र्यांनी त्या दिवशी चंगळ केली. तेव्हापासून काकांनी कानाला खडा लावला. ब्रेक आपल्या हातांनी करायचे, आणि ज्या गाडीचे ब्रेक आपण बघितले नाहीत त्या गाडीत बसायचं नाही. हा नियम सगळ्यांना सारखा होता. पाहुण्याची गाडी असो नाहीतर भाड्याची, काका आधी चाकाशी उकिडवे बसत, आत डोकावत आणि मगच दाराला हात लावत. मेव्हण्याने एकदा हौसेने नवीकोरी गाडी दाखवायला आणली. तिलाही सूट मिळाली नाही. मेव्हणा महिनाभर गाल फुगवून होता.

पुढे काकांनी एका डॉक्टरांची जुनी गाडी विकत घेतली. सायीच्या रंगाची, जाडजूड दारांची. तिचे ब्रेक पॅड बदलायचा रविवार म्हणजे घरात मोठी धामधूम असे. पॅड म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी तबकडीला दोन्ही अंगांनी आवळून धरणाऱ्या दोन वड्या. त्या झिजल्या की बदलायच्या, एवढंच ते काम. पण काका त्याचा थाट असा करत की बघणाऱ्याला वाटावं, आज इथे एखाद्याचं पोट फाडून आतलं काही काढायचंय. मागच्या चाकांना विटा लावायच्या, अंगणात जुनी चादर पसरायची, पाने पुसून ओळीने मांडायचे, खिडकीत रेडिओ ठेवायचा. काकू पायरीवर काज-बटणं करत बसत. काकांचा हात मागे आला की हवा तो पाना न बोलता त्या हातात पडे. चुकीचा पाना गेला तर काका तो तसाच परत धरत, रागावत नसत. एरवी चहात साखर कमी पडली तरी ज्याचा आवाज चढायचा, तो माणूस चाकाशी बसला की शहाण्यासारखा वागायचा.

पॅड काढताना कॅलिपर, म्हणजे त्या वड्या धरून ठेवणारा लोखंडी चिमटा, वर उचलून बांधावा लागतो. तेलाच्या नळीवर लोंबकळू दिला तर नळी ताणली जाते. काका तो तारेने बांधायचे आणि तार बोटांना टोचायची. एका रविवारी काकूंनी कापडाचा काठ कापून त्याची पट्टी आणून दिली. काका म्हणाले, "हे काय, गाडीला फ्रॉक शिवतेस की काय?" पण बांधली पट्टीच, आणि तार त्या दिवसापासून अंगणातून हद्दपार झाली.

ब्रेकच्या तेलात हवा शिरली असेल तर ती काढायला दोन माणसं लागतात. एकाने सीटवर बसून ब्रेक दाबायचा, दुसऱ्याने चाकाशी बसून बारीक नट सैल करून हवा बाहेर सोडायची. सीटवर काकू. खालून आवाज यायचा, "दाब." काकू म्हणायच्या, "दाबला." मग "धर", "धरला", आणि "सोड". असं बराच वेळ चालायचं. रेडिओवर गाणं लागलेलं असायचं आणि काकूंना खाली काकांच्या डोक्यावरचे केस तेवढे दिसायचे, आधी काळे, मग करडे, मग विरळ. एवढ्या वर्षांच्या संसारात दोघं कशावरून भांडली नाहीत ते विचारा. काकांनी एकदा मैदानावर नेऊन बायकोला गाडी शिकवायचा घाट घातला, तर चार दिवसांचा अबोला झाला आणि तो विषयच संपला. पण ब्रेकच्या रविवारी त्या घरात कधी वाद झाला नाही. काकूंना ते रविवार फार आठवतात. सुख म्हणजे काय असं कुणी विचारलं तर त्या दुसरं काही सांगणार नाहीत.

काकांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला तो उशिरा. नजर कडेकडेने अंधारत आली. एक दिवस त्यांना फाटकाचा खांब दिसला नाही आणि गाडीला पोचा आला. काका उतरले. खांबाला हात लावला, पोच्याला हात लावला, आणि गाडीची किल्ली काकूंच्या शिवणाच्या डब्यात टाकली. पुन्हा कधी मागितली नाही. आता त्यांना उजेड आणि सावली एवढंच कळतं. व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत बसून ते रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या ऐकत असतात. दूधवाल्याची चेन ढिली आहे, कोपऱ्यावरच्या वकिलाने गिअर फार खेचला, असं आपलं आपल्याशी पुटपुटत असतात.

म्हणून काकू गाडी शिकल्या. परवाना मिळाला त्या दिवशी त्यांनी गाडी दारात उभी केली, शेजारचं दार उघडलं आणि तोऱ्यात म्हणाल्या, "चला."

"ब्रेक बघितलेले नाहीत मी," काका म्हणाले.

"मग बघा की!" काकू बोलून गेल्या, आणि त्यांनी जीभ चावली. काकूंनी दार हळूच लावलं.

त्यानंतर काका गाडीत बसले नाहीत ते नाहीच. स्वतःच्या नाही आणि दुसऱ्याच्याही नाही. डोळ्यांच्या डॉक्टरकडेसुद्धा काकूंचा हात धरून पायी जात. मग पायी जाणंही कमी झालं. आधी चौकापर्यंत, मग फाटकापर्यंत, मग फाटकापर्यंतही नाही. काकू गाडी घेऊन धागे आणायला जात, शिवलेले कपडे पोचवायला जात, आणि शेजारची सीट दरवेळी रिकामी. लोक कौतुक करत तेव्हा त्यांना आतून रडू यायचं. ज्याला फिरवायला शिकले तोच बसत नाही, मग मी काय बटणांच्या पुड्या फिरवायला गाडी शिकले? काका खुर्चीतून उठेनासे झाले होते, आणि एकदा का माणूस असा बसला की बसला, हे काकूंना पक्कं ठाऊक होतं. त्यांना एकच गोष्ट हवी होती. काकांनी एकदा शेजारी येऊन बसावं.

असं असताना एका दुपारी गाडी फाटकात वळली आणि ब्रेक लागताना पुढून किरकिर आवाज आला. काका खुर्चीतूनच म्हणाले, "दोन्ही बाजूंचे संपत आले. डावीकडचे जास्त. गॅरेजात टाक."

"गॅरेजात?" काकू म्हणाल्या. "तुम्ही म्हणताय हे?"

"मग कोण करणार?"

काकूंच्या डोक्यात तेवढ्यात लख्ख उजेड पडला. "मी करणार. आणि तुम्ही हात लावून बघणार."

"हात लावून काय कळतं?"

"मला कापड हात लावूनच कळतं. तुम्हाला लोखंड कळेल. आणि पटलं, तर माझ्या गाडीत बसायचं."

"पटलं तर बघू," काका म्हणाले आणि त्यांनी तोंड फिरवलं. पण नाही म्हणाले नाहीत. काकूंना तेवढं पुरे होतं.

सुट्या भागांच्या दुकानात पॅड काउंटरवर ठेवता ठेवता दुकानदाराने विचारलं, "मिस्त्री कोण आहे?" काकू म्हणाल्या, "मी." त्याने चष्मा कपाळावर चढवून त्यांच्याकडे बघितलं. "आणि काका?" "काका तपासनीस," काकू म्हणाल्या. परगावी राहणाऱ्या मुलाला फोनवर कळलं तेव्हा तो म्हणाला, "आई, हे काय वय आहे का चाकाखाली बसायचं?" काकू म्हणाल्या, "वय गाडीचं झालंय. माझं मशीन अजून चालतंय." आणि फोन ठेवला.

रविवारी सकाळी काकूंनी विटा लावल्या, चादर पसरली, पाने मांडले. काका खुर्चीत बसून ऐकत होते. ऐकत नाही असं दाखवत होते, पण त्यांची मान अंगणाकडे कललेली होती. काकूंनी जॅक फिरवायला घेतला तशी खुर्ची करकरली.

"आधी नट सैल कर. मग गाडी उचल. अधांतरी चाकावर जोर लावशील तर चाकच फिरत बसेल."

"माहितीये," काकू म्हणाल्या. माहिती नव्हतं.

उजव्या चाकाने फारसा त्रास दिला नाही. काकूंनी चाक काढलं, खालचा बोल्ट सोडवला, कॅलिपर वर करून पट्टीने बांधला, झिजलेल्या वड्या काढल्या. पिस्टन, म्हणजे तेलाच्या जोराने वड्या दाबणारा गोल लोखंडी तुकडा, शिकंजा लावून हळूहळू मागे ढकलला आणि नव्या वड्या बसवल्या. मग काकांचा हात धरून त्यांना चाकाशी आणलं. काका उकिडवे बसले. त्यांची बोटं वडीच्या कडेवरून गेली, बोल्टवरून गेली, तबकडीवर थांबली.

"हं," काका म्हणाले आणि खुर्चीत जाऊन बसले.

एवढंच. पण त्या 'हं'ने काकू हरखल्या, आणि हरखलेल्या माणसाला जी घाई होते तीच त्यांना झाली. उजवं चाक परत बसलं, डावं निघालं, कॅलिपर वर बांधून झाला, जुन्या वड्या बाहेर आल्या, आणि काकूंना एक युक्ती सुचली. गाडी जागची हलणार नाही. एक चाक नाही, मागे विटा. मग आत्ताच यांना जरा आत बसवलं तर? एकदा बसले की बसायची भीड मोडेल.

"अहो, जरा आत बसून स्टिअरिंग डावीकडे धरता का? मला आतलं दिसत नाहीये." सगळं स्वच्छ दिसत होतं.

"तू धर."

"माझे हात ग्रीसने माखलेत. आणि गाडी एका पायावर उभी आहे, कुठे पळून जाणार आहे?"

काका उठले. हाताने गाडीचा अंदाज घेत दारापाशी आले, दार उघडलं, बसले, दार ओढून घेतलं. काकू चाकाच्या जागेतून उठून बघायला लागल्या. काकांचे हात स्टिअरिंगवर बरोबर आपल्या जागी पडले होते. पाठ ताठ झाली होती. खुर्चीतला तो म्हातारा कुठल्या कुठे गेला होता, आणि काचेमागे बेकरीच्या गाडीचा ड्रायव्हर बसला होता.

आणि त्या ड्रायव्हरने पाय दाबला. वाळूच्या ढिगापासून काकांची सवय होती, गाडीत बसल्यावर किल्लीला हात लावायच्या आधी ब्रेक दोन-तीनदा दाबून बघायचा. त्यांनी काही ठरवून दाबला नाही. पायाला त्याची जागा सापडली आणि पायाने आपलं काम केलं. खाली वड्या नव्हत्या, पिस्टनला अडवणारं काही नव्हतं. तो पुढे आला, आणखी पुढे आला आणि भोकातून निसटून चादरीवर पडला. मागोमाग तेल भळभळा वाहायला लागलं.

"अहो पाय! पाय काढा!" काकू किंचाळल्या.

काकांनी पाय काढला. "काय झालं?"

"पिस्टन बाहेर आला."

काका दार उघडून उतरले, भिंतीला हात लावत व्हरांड्यात गेले आणि खुर्चीत बसले. "तेलावर पाणी ओत, नाहीतर गाडीचा रंग जाईल," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "विकून टाक ती गाडी. मी उगाच हात लावला. माझं काम नाही आता ते."

काकूंनी बादली उचलून तेलावर ओतली. मग ती बादली त्यांनी अशी आपटली की कठड्यावरची चिमणी उडाली.

"विकते. उद्याच विकते! तुम्हाला काय वाटतं, मला धागे आणायला गाडी लागते? धागे मी जन्मभर चालत आणले. त्या मास्तरच्या शिव्या खाल्ल्या, रस्त्यात गाडी बंद पडली की सगळ्या गावाचे हॉर्न ऐकले, ते कशासाठी? शेजारी माणूस हवं होतं मला! तुम्ही त्या खुर्चीत बसून संपत चाललात आणि मी आपली रिकाम्या सीटशी गप्पा मारत फिरतेय." त्यांचा आवाज फाटला. त्यांनी पदराने नाक पुसलं, तर ग्रीस गालाला लागलं. मग त्या हळू म्हणाल्या, "आणि तुमची काही चूक नाही. स्टिअरिंग वळवायची गरजच नव्हती. तुम्हाला आत बसवायचं म्हणून मी खोटं बोलले."



"म्हणजे चूक तुझी," काका म्हणाले.

"माझीच."

"मग तसं आधी सांगायचं."

काकू चाकाशी बसल्या. पिस्टन उचलला, पुसला आणि भोकात बसवायला लागल्या. तो सरळ जाईना. एका अंगाने जायचा आणि अडकायचा. काढला, पुन्हा घातला, पुन्हा अडकला. आता त्यांना रडायलासुद्धा वेळ नव्हता.

"तिरका घालतेयस," खुर्चीतून आवाज आला.

"तुम्हाला काय दिसतंय?"

"ऐकू येतंय. घासतोय तो. थांब, जोर लावू नकोस, चरा पडेल." खुर्ची करकरली. काका आले, चादरीवर मांडी घालून बसले आणि हात पुढे केला. "मला दे. आणि स्वच्छ फडकं दे, तुझ्या पदराचं नको."

त्यांनी पिस्टन फडक्याने पुन्हा पुसला आणि अंगठ्याने सगळीकडून चाचपून बघितला. करंगळी भोकात घालून आतली रबराची कडी जागेवर आहे का ते पाहिलं. कडीला आणि पिस्टनला नवं ब्रेक ऑइल लावलं. मग पिस्टन भोकाच्या तोंडावर ठेवला, दोन्ही अंगठे त्यावर टेकले आणि मान वर करून आभाळाकडे तोंड केलं. काकूंना एकदम आठवलं, डोळे धड होते तेव्हाही हे काम करताना ते असेच वर बघायचे. आत बघून काही उपयोग नसतोच तिथे. पिस्टन किंचित डुलला, सरळ झाला आणि सगळाच्या सगळा आत गेला.

"गेला," काकू म्हणाल्या.

"जाणारच," काका म्हणाले, आणि हात तसाच मागे धरून बसले. काकूंनी त्यात नवी वडी ठेवली.

सांडलेल्याच्या जागी नवं तेल भरलं, पण तेलात हवा शिरली होती. ती काढायला आता सीटवर काका आणि चाकाशी काकू. नटाला जोडलेल्या पारदर्शक नळीतले बुडबुडे बघायला डोळे हवेत, त्याला इलाज नव्हता. काकू चादरीवर आडव्या होऊन हुकूम सोडायला लागल्या. "दाबा." "दाबला." "धरा." "धरला." "सोडा." पहिल्यांदा त्यांचा आवाज जरा चाचरला, मग चढला, मग त्यांना मजाच यायला लागली.

"जरा सावकाश घे," वरून काका म्हणाले. "मी काय मशीन आहे?"

"मशीन बरं. ते उलट बोलत नाही. दाबा."

बुडबुडे कमी झाले, मग थांबले. काकूंनी नट आवळला. वरून काकांनी सांगायच्या आधीच ब्रेक दाबून बघितला होता. "आला," ते म्हणाले. "कडक आला."

मग ते उतरले आणि काकूंनी चाक बसवायच्या आधी त्यांनी डावी बाजू पुन्हा एकदा सावकाश तपासली. बोल्ट ओढून बघितला, नळीला कुठे पीळ नाही ना ते बघितलं, दोन्ही वड्यांच्या पाठीवरून बोट फिरवलं. पटलं का, असं विचारायला काकूंची जीभ वळवळत होती. त्यांनी विचारलं नाही. आज एवढं खोटं बोलून झालं होतं, आता पुरे. चाक बसलं, विटा निघाल्या, काकूंनी साबणाने हात धुतले. गाल धुवायचा राहिला.

"नवे पॅड थोडा थोडा ब्रेक दाबत रुळवावे लागतात ना? मी चौकापर्यंत जाऊन येते," त्या म्हणाल्या आणि गाडीत बसल्या. इंजिन सुरू केलं. आरशात बघितलं, तर काका फाटकाशी उभे. एवढ्या दिवसांत ते फाटकाशी आले नव्हते. त्यांचा हात फाटकाच्या कडीवर होता.

"थांब," काका म्हणाले.

काकूंनी ब्रेक धरला.

"माझे बूट कुठे ठेवलेस?"

बूट पलंगाखाली होते. वापर नसल्याने चामडं कडक झालं होतं. काकूंनी ते आणून दिले आणि काका पायरीवर बसून नाड्या बांधायला लागले. नाडीची गाठ त्यांना पटेना. सोडली, पुन्हा बांधली. गाडी तशीच सुरू होती, पेट्रोल जळत होतं. एरवी यावर काका घर डोक्यावर घेत, पण त्या दिवशी त्यांनी गाठ तिसऱ्यांदा बांधली. मग काका उठले आणि शेजारच्या सीटवर येऊन बसले.

पहिल्या वळणापर्यंत त्यांनी तोंडाला विश्रांती दिली नाही. "आता धर. हळू. अगं, चोळामोळा करायचा नाहीये त्याचा. सोड. जाऊ दे. आता परत धर." काकू म्हणाल्या, "मास्तर बरा होता." पण धरत होत्या, सोडत होत्या. मोठ्या रस्त्याला लागल्यावर काका म्हणाले, "डावीकडे आता बेकरी."

"बेकरी गेली. मोबाईलचं दुकान झालंय."

"तरीच वास नाही आला." थोडं थांबून ते म्हणाले, "आणि समोरचं पिंपळाचं झाड?"

"आहे. चांगलं फोफावलंय." काकूंनी मग जे जे दिसेल ते सांगायला घेतलं. कुठे मजला चढलाय, कोणाचं दुकान बंद आहे, सायकलवाल्याचा मुलगा आता गल्ल्यावर बसतो आणि बापासारखाच दाढी खाजवतो. काका हं म्हणत होते. काही वेळाने हं यायचं थांबलं. काकूंना वाटलं, मगाशी ब्रेक जरा जोरात लागला म्हणून रुसले. सिग्नलला थांबल्यावर त्यांनी वळून बघितलं.

काका झोपले होते. मान खांद्यावर कललेली, तोंड किंचित उघडं, हात मांडीवर सैल. काकू त्यांच्याकडे बघतच राहिल्या. दुसऱ्याच्या हातात स्टिअरिंग असताना या माणसाचा उभ्या जन्मात डोळा लागला नव्हता. रात्रभराच्या प्रवासातसुद्धा बाकीचे घोरत असताना ते टक्क जागे राहून रस्ता बघत बसायचे. मागच्या गाडीने हॉर्न दिला. काकूंनी क्लच इतका अलगद सोडला की गाडी निघाल्याचं त्यांनाही कळलं नाही.

घराचं वळण आलं. काकूंनी इंडिकेटर लावला, एकदा शेजारी बघितलं, इंडिकेटर बंद केला आणि गाडी सरळ पुढे नेली.